धूर नसलेलं गाव

१

फ्रेम जागच्या जागी होती. काच पुसलेली, मागचे चारही स्क्रू नीट पिळून बसवलेले. आतला फोटो तेवढा नव्हता.

मॉरीन एन्टविसलने फ्रेम दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. चाळीस वर्षं तिने हॅगक्लफच्या वाचनालयात काढली होती, आणि गहाळ झालेली पुस्तकं हुडकण्यात तिचा हात कोणी धरला नसता. पण वाचनालयालाच टाळं लागून तीन वर्षं झाली होती, आणि आता हा चॅपलचा हॉलही विकला गेला होता. नाताळनंतर इथे फ्लॅट होणार. जुन्या फोटोंचं हे प्रदर्शन शेवटचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी सकाळीच हे विघ्न.

"गेला तर गेला," प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाची अध्यक्ष बेरिल हॅसम म्हणाली. "सगळ्यांत कंटाळवाणा होता. एक माणूस नाही त्यात. शेजारी बघ, सर्कशीचा हत्ती बाजारातून चाललाय, तो शाबूत आहे. देवाची कृपा म्हण."

"देवाची कसली? चोराची म्हण."

फोटो होता क्रो हिलच्या टेकडीवरून काढलेला. खाली सगळं गाव: गिरण्यांची अकरा धुराडी, चॅपलच्या छपराला बांधलेले परांचे, आणि टेंटर गल्लीतल्या घरांची परसदारं, एकाला एक चिकटलेली. हवा इतकी स्वच्छ की पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजाव्यात. खाली बेरिलच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती: 'रविवार सकाळ, १९५६'.

"मी ऑड्रीला शब्द दिलाय, बेरिल."

ऑड्री ग्रिमशॉला गावात सगळेच ओळखत. टेंटर गल्ली अडुसष्ट साली पाडली, आणि ग्रिमशॉंच्या घराचा एकही फोटो कोणाकडे उरला नव्हता. ऑड्रीची नजर दिवसेंदिवस जात चालली होती. वसंतापर्यंत उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी एकदा तिला ते घर बघायचं होतं, कारण तिची मोठी बहीण डोरीन अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्याच घरातून निघाली आणि कोणा माणसाबरोबर पळून गेली. त्या दिवसापासून ऑड्री तिची वाट बघत होती. नव्या घराच्या मागच्या दाराला तिने कधी आतून कडी म्हणून घातली नाही. डोरीन आली तर तिला दार वाजवावं लागू नये, एवढ्यासाठी.

मॉरीनने हॉलच्या दाराकडे पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडेच असत: एक तिच्या पर्समध्ये, एक बेरिलकडे, आणि तिसरी चॅपलची देखभाल करणाऱ्या क्लिफर्ड ग्रिमशॉकडे. हा ऑड्रीचा सख्खा भाऊ.

"माझी किल्ली काल जेफ्री नटलला दिली होती," बेरिल हळूच म्हणाली. "टेबलं आणून ठेवायची होती ना त्याला."

२

जेफ्री नटलचं बाजारात जुन्या पोस्टकार्डांचं दुकान होतं. मेलेल्या माणसांच्या घरी शेजाऱ्यांच्या आधी पोचतो, अशी त्याची ख्याती.

"मॉरीनबाई," तो म्हणाला, "मी लबाड असेन, पण मूर्ख नाही. हत्ती सोडून धुराडी नेईन?"

"तुझं काही सांगता येत नाही."

"आणि चोराला घाई असते. मी असतो तर फ्रेमसकट काखोटीला मारला असता. स्क्रू परत कोण बसवत बसतं? ज्याला कुठलीही वस्तू उघडी टाकवत नाही, तो." त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "फोटो टॅटरसॉल म्हाताऱ्याचा ना? बाप सांगायचा, तो कॅमेरा घेऊन क्रो हिलवर वर्षातून एकदाच चढायचा. एकदाच. बाकी वर्षभर लग्नं आणि बाळं."

"एकदाच का?"

"ते तू शोध. तुला आवडतं ना शोधायला."

मॉरीन चिडून बाहेर पडली. चिडण्याचं कारण असं की माणूस खरं बोलत होता. मग किल्ली उरली एकच, आणि ती ज्याच्याकडे होती त्याला ती शाळेपासून ओळखत होती.

३

क्लिफर्ड तळघरात मोडकी खुर्ची दुरुस्त करत बसला होता. चॅपल विकलं गेलं तरी खुर्च्या दुरुस्त करणं त्याने सोडलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गिरणीतला जुना फिटर. बोलणं कमी, हात सतत चालू.

"बस. चहा घेतेस?"

त्याने किटली ठेवली. फोटो गेल्याचं तिने सांगितलं. तो पाठ करून कप धूत राहिला, एका कपाला लागतो त्याहून बराच वेळ.

"जाऊ दे गं. ओस पडलेल्या गल्ल्या नि दोरीवर चार चादरी, असला फोटो कोण नेणार? कुठेतरी पडला असेल."

"ऑड्रीला काय सांगू?"

"आमच्या ऑड्रीला सांग, असा फोटो नव्हताच. चूक झाली म्हणावं."

"तुला नाही बघावासा वाटत? तुझंही घर होतं ते."

"मी राहिलोय त्या घरात. मला फोटो कशाला हवा?" त्याने कप बशीत ठेवला. "आमच्या आईने मरेपर्यंत त्या घराचं नाव काढलं नाही. तूही काढू नकोस."

मॉरीन चहा तसाच ठेवून उठली. काहीतरी टोचत होतं, आणि काय टोचतंय ते कळत नव्हतं. घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडताना कळलं.

चादरी.

तो फोटो तिने कितीदा हातात घेतला होता. टेंटर गल्लीच्या परसदारांत काही पांढरे ठिपके होते खरे, खसखशीएवढे. त्या चादरी आहेत हे नुसत्या डोळ्यांनी कोणाला दिसलं असतं?

४

फोटो चोरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. टॅटरसॉलच्या नातीने मॉरीनला त्याच्या जुन्या, काचेच्या निगेटिव्हची पेटी दिली होती, आणि ज्या काचेवरून तो फोटो उतरवला ती काच मॉरीनच्या कपाटात लोकरीच्या गुंड्यांमागे सुखरूप होती.

वाचनालय मोडलं तेव्हा तिथला स्कॅनर तिने मागून आणला होता. काच त्यावर ठेवली आणि पडद्यावर चित्र मोठं मोठं करत गेली. टेंटर गल्ली. डावीकडून पाचवं परसदार, ग्रिमशॉंचं. दोरीवर चादरी होत्या. तिने मोजल्या. सहा.

मग तिची नजर वर गेली. अख्ख्या गावात गिरण्यांच्या धुराड्यांना धूर नव्हता. घरांच्या धुराड्यांनाही नव्हता. फक्त त्या पाचव्या घरावर एक बारीक रेघ सरळ वर चढत होती.

मॉरीनने बेरिलला फोन लावला.

"तू चिठ्ठीवर रविवार का लिहिलंस?"

"अगं, धूर नाही म्हणजे गिरण्या बंद. गिरण्या बंद म्हणजे रविवार. त्यात काय अक्कल लागते?"

"आणि साल?"

"चॅपलच्या छपराला परांचे आहेत ना. छप्पन साली जून ते ऑगस्ट, तेवढेच होते. माझे वडीलच होते त्या समितीवर. का गं?"

"टेंटर गल्लीतल्या बाईने रविवारी परसदारात कपडे वाळत घातले असते का?"

बेरिल हसली. "रविवारी? चॅपलला जाणारी सगळी माणसं तिथून जायची. माझ्या आईने त्या बाईशी जन्मात बोलणं ठेवलं नसतं."

मॉरीनने फोन ठेवला. रविवार नव्हता. शिवाय रविवारी घरोघरी मांस भाजायला सकाळपासून चुली पेटत. गिरण्यांचा धूर नसेल, घरांचा असायचाच. गिरण्या बंद आणि चुलीही थंड, असा वर्षात एकच आठवडा असे. वेक्सचा. त्या आठवड्यात गिरण्यांचे भोंगे मुके व्हायचे, घरांना कुलपं लागायची आणि सगळं हॅगक्लफ उठून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. शेजारी तिथेही शेजारीच असायचे. म्हणून तर टॅटरसॉल म्हातारा वर्षातून एकदाच टेकडी चढायचा. गाव दिसायचं ते तेव्हाच.

छप्पनचा वेक्स मॉरीनला आठवत होता. ती पंधरा वर्षांची होती. ऑड्री, अकरा वर्षांची, आत्याबरोबर सकाळच्या गाडीने आली होती. संध्याकाळी तिचे वडील एकटेच आले. स्टेशनवरच्या गर्दीत डोरीन कोणा माणसाबरोबर पळाली, तिची आई आणि क्लिफर्ड तिला शोधायला तिथूनच मँचेस्टरला गेले, घराला शनिवारी दुपारीच कुलूप घातलं, असं ते सगळ्यांना सांगत होते. सांगताना रडत होते. समुद्रावर एवढ्या मोठ्या माणसाला रडताना मॉरीनने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

घराला कुलूप होतं, तर चुलीवर पाणी कोण तापवत होतं?

आणि सहा चादरी? मॉरीनची आईसुद्धा दर आठवड्याला पलंगावरची एकच चादर धुवायची: वरची खाली घालायची, खालची धुवायला काढायची. टेंटर गल्लीतलं प्रत्येक घर तसंच करायचं. घरातल्या झाडून सगळ्या चादरी एकाच दिवशी धुवायची वेळ कधी येते, हे कळायला मॉरीनला भिंग लागलं नाही. तिने पडदा बंद केला आणि कोट चढवला.

५

दुपारी क्लिफर्ड चॅपलमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता. ती शेजारी जाऊन बसली.

"काच माझ्याकडे आहे, क्लिफ."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आत फोटो होता, एक सुरकुती नसलेला.

"जाळायला गेलो होतो. दोनदा. घर आहे गं ते आपलं."

"तुला चादरी कशा दिसल्या?"

"मला दिसायला कशाला हव्यात? पिळायला मीच होतो एका टोकाला."

मग तो बोलू लागला, समोरच्या भिंतीकडे बघत. डोरीनला दिवस गेले होते. कोणाचे ते तिने सांगितलं नाही. टेंटर गल्लीच्या भिंती अशा की एका घरात खोकलं तर दुसऱ्यात कळे. म्हणून आईने वेक्सची वाट पाहिली. गल्ली रिकामी झाली, डोरीन स्टेशनवरून पळाली, आम्ही तिला शोधून आणतो, असं खोटं सांगून वडिलांना पुढे पाठवलं, आणि पलीकडच्या गावातली, पोट पाडणारी एक बाई शनिवारी दुपारी मागच्या दाराने आली. तासाभरात गेलीसुद्धा.

"रविवारी रात्रीपर्यंत चालू होतं. रक्त थांबेना. मी म्हटलं, मी डॉक्टर आणतो, कुठून तरी आणतो. आईने मागच्या दाराला कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, हा गुन्हा आहे, डॉक्टर आला की पोलीस येणार. मी सोळा वर्षांचा होतो, मॉरीन. अंगाने आईच्या दुप्पट. एका हाताने बाजूला केलं असतं तिला." त्याने स्वतःचे हात पाहिले. "नाही केलं."

"मग?"

"सोमवारी पहाटे गेली. कोळशाच्या हातगाडीवरून नेली, वर क्रो हिलच्या दलदलीत. कोणी बघायला नव्हतंच. चादरी बुधवारी वाळत घातल्या; म्हणजे टॅटरसॉलने त्याच दिवशी कॅमेरा लावला, तिथून शंभर पावलांवर."

राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा.

"ऑड्रीला का नाही सांगितलंस? आई जाऊनही तीस वर्षं झाली."

"जॅक होल्टला तिने नाही म्हटलं, आठवतं? कॅनडाला न्यायला तयार होता. ही म्हणाली, मी गेले आणि डोरीन आली तर? त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं, आणि मग कोणत्या तोंडाने सांगणार? दरवर्षी ते अजून एका वर्षाने जड होत गेलं." तो तिच्याकडे वळला. "तिचे डोळे चाललेत. चादरी दिसायच्या नाहीत तिला. घर दाखव आणि गप्प बस. वाट बघत बघतच जाऊ दे तिला. एवढं कर माझ्यासाठी."

आणि मॉरीनने, जिने आयुष्यात एका पुस्तकावर चुकीची चिठ्ठी चिकटू दिली नाही, मान हलवली.

६

मागचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. ऑड्री खिडकीशी बसली होती, चहाची तयारी मांडून.

"आणलास? सापडला?"

"कपाटामागे पडला होता."

ऑड्रीने फोटो हातात घेतला, नाकाला लावला, खिडकीकडे धरला, तिरपा केला. मग मांडीवर ठेवला.

"राखाडी दिसतंय नुसतं. उशीर केला मी. तूच सांग, मॉरीन. काय काय आहे?"

मॉरीनने सांगितलं. अकरा धुराडी एकेक करून, नावानिशी. चॅपल. टेंटर गल्लीचं वळण, पाण्याचा नळ, कोळशाच्या खोल्यांची दारं. ऑड्रीचा चेहरा उजळत गेला. तिला असं हसताना मॉरीनने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आणि आमचं परसदार?"

"स्वच्छ. रिकामं."

"दिवस कोणता?"

"रविवार. बेरिलने तसं लिहिलंय. धूर नाही कुठे."

"घरांनाही नाही?"

"नाही."

"मग कसला आलाय रविवार!" ऑड्री हसली. "बेरिलच्या घरी स्वयंपाकाला बाई होती, तिला काय कळणार. रविवारी आमची आई सहाला चूल पेटवायची. अगं, हा वेक्स आहे." ती थांबली. "आणि चॅपलला परांचे म्हणालीस. म्हणजे छप्पनचा. डोरीन गेली तो."

मॉरीनने चहा ओतायला घेतला.

"रिकाम्या घरांचा फोटो," ऑड्री सावकाश म्हणाली. "बेरिल सांगत होती, चोराने स्क्रू परत बसवले म्हणून. आम्ही हसलो त्यावर. पण आमच्या क्लिफशिवाय कोण बसवणार? रिकाम्या घराचा फोटो क्लिफ कशाला चोरेल, मॉरीन?"

"ऑड्री…"

"आमच्या धुराड्याला धूर आहे का?"

मॉरीनला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. वाचनालयात चाळीस वर्षं ती या बाईला पुस्तकं काढून देत आली होती. आजच्या दिवसापर्यंत दोघींत खोटं असं कधी आलं नव्हतं. जीभ उचललीच नाही.

"आहे," ती म्हणाली.

"आणि दोरीवर?"

"चादरी."

"किती?"

"सहा."

ऑड्रीची बोटं मांडीवर हलू लागली. "आईबाबांच्या दोन. क्लिफच्या दोन. डोरीनच्या आणि माझ्या पलंगावरच्या दोन. घरात होत्याच तेवढ्या." बोटं थांबली. "ब्लॅकपूलहून आले त्या रात्री मी पलंगावर पडले आणि आईला म्हटलं, चादरीला किती छान वास येतोय गं. ती काही बोलली नाही. दिवा मालवून गेली. मी एकटीच होते ना पलंगावर, तर सगळा पलंग मिळाला म्हणून मला बरंच वाटलं होतं."

तिला रडू आलं नाही. आलं असतं तर मॉरीनला सोपं गेलं असतं.

"कुठे आहे ती?"

"क्रो हिलवर. टॅटरसॉल उभा होता त्याच्या पाठीमागे."

"म्हणजे फोटोत नाही."

"नाही."

ऑड्रीने फोटो उचलला, चाचपून टेबलावर ठेवला, पालथा. खिडकीतून क्रो हिल दिसत असे; आता तिला तिथे उजेडाचा पट्टा तेवढा दिसत असावा. पिवळ्या कपांतला चहा निवून गेला होता. जॅक होल्टचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही. कॅनडात कुठेतरी त्याची नातवंडं असतील.

"क्लिफला पाठवू?" मॉरीनने विचारलं.

"आज नको." मग ती म्हणाली, "तू निघ आता. पुढच्या दाराने जा. आणि जाण्याआधी मागच्या दाराला कडी घाल."

मॉरीन मागच्या दाराशी गेली. दार ओढून घेतलं. कडी हलेना. ऑड्री या घरात आल्यापासूनच्या सेहेचाळीस वर्षांत दाराला कितीदा रंग दिला गेला असेल, आणि दर वेळी कडीवरूनही ब्रश फिरला होता. ती लाकडातच बसून गेली होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. मग कोळशाच्या बादलीजवळची हातोडी उचलली आणि घाव घातले. तिसऱ्या घावाला रंगाचे पोपडे उडाले, हिरवे, तपकिरी, पांढरे, आणि कडी करकरत सरकली.

"बसली?" आतून ऑड्रीने विचारलं.

"बसली," मॉरीन म्हणाली.